मापबाईंचा गोठा

माणूस तिच्या शिवणाच्या दुकानात शिरला की आधी नजरेनंच त्याचे खांदे मोजायचे आणि मग ‘बसा’ म्हणायचं, ही तिची जुनी खोड. कुणाचं पोट सुटलंय, कोण दुखण्यातून उठलंय, हे तिला टेप हातात न घेता कळायचं. त्यामुळं सगळे तिला मापबाईच म्हणत आणि तीही त्या नावाला खुशाल ओ देई. लग्न केलं नव्हतं. कुणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायची, “मापात बसणारा भेटला नाही.”

तिच्या धाकट्या भावाचं घर शहराबाहेर, टेकडीच्या उतारावर होतं. थोडं गवताचं रान, चार गाई, आणि थंडी अशी की बर्फ दाराच्या कडीपर्यंत चढायचा. गाईंचं सगळं बघायची ती तिची भावजय. चारा, पाणी, शेण, दूध, बाळंतपणं, सगळं. बाई कामाला वाघ, पण गेली काही वर्षं हिवाळ्यात जन्मलेली वासरं तिच्या हातातून गेली होती. जेमतेम आठवडाभर उभी राहायची, मग खोकायला लागायची आणि एका सकाळी मान टाकायची.

तिनं काय कमी केलं होतं का? गोठ्याला वाऱ्याची झुळूक लागू नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. दर वर्षी थंडीच्या तोंडावर नणंद दुकानातल्या चिंध्यांचं पोतं भरून आणायची. भावजय सुरीच्या टोकानं एकेक चिंधी फळ्यांच्या फटीत ठासायची. सुईएवढी फट म्हणून शिल्लक ठेवायची नाही. आणि तरीही वासरं जायची, म्हणजे आपल्याच हाताला यश नाही, अशी तिनं मनाशी गाठ मारली होती.

त्या वर्षी जुन्या गोठ्याचं छप्पर वाकलं. नवा बांधणं भागच होतं. नवऱ्यानं सुताराला बोलावलं आणि जेवताना सहज सांगावं तसं सांगून टाकलं, “हा शेवटचा प्रयत्न. यंदा आपल्या गाभण ठिपकीचं वासरू नाही जगलं, तर गाई देऊन टाकू. शहरात काहीतरी काम बघू. तुझं हे दरवर्षीचं रडणं मला बघवत नाही.”

तो रागानं बोलला असता तर ती भांडली असती. तो मायेनं बोलला, आणि तिथंच तिची पंचाईत झाली. ठिपकी तिच्याच हातावर जन्मलेली. तिला दुसऱ्याच्या दावणीला बांधून आपण शहरात काय करायचं, खिडकीत बसून माणसं मोजायची?

दोन दिवसांनी मापबाई नेहमीप्रमाणं पोतं घेऊन उतरली. जुना गोठा पाडायच्या आधी एकदा बघते म्हणाली आणि भिंतीतली एक चिंधी ओढून काढली. गेल्या हिवाळ्यातली होती. काळी पडलेली, बुरशीनं चिकट झालेली. तिनं ती नाकाशी नेली. मग दुसरी ओढली. मग मान वर करून वासे बघितले. सगळ्या खिळ्यांना गंज चढला होता.

“वहिनी, थंडीत इथं वरून पाणी ठिबकतं का गं?”

“ठिबकतं ना, वन्सं. छप्पर गळकं आहे मेलं.”

“पण कडाक्याच्या थंडीत बर्फ तर वर दगडासारखा बसलेला असतो. तो वितळतो कुठं?”

भावजयीनं वर वाशांकडं बघितलं. खरंच की! सगळ्यात जास्त पाणी पडायचं ते सगळं गोठलेलं असताना. इतकी वर्षं त्या थेंबांखाली काम करून हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता.

“हा गाईंचा श्वास आहे,” मापबाई म्हणाली. “चार धिप्पाड जनावरं श्वास सोडतात, वरून मुताची वाफ. बाहेर जायला वाट नाही. ती वाफ वर जाऊन गार होते आणि वासराच्या पाठीवर पडते. रबरी कोट घालून धावलं की माणूस आतून भिजतो, तसं. थंडीनं नाही गेली गं ती वासरं. ओलीनं गेली.” आणि ती मटकन गव्हाणीच्या कडेवर बसली. “माझ्या चिंध्यांनी गेली.”

“असं काय बोलता? कोंबल्या तर मी!”

“मी आणल्या, तू कोंबल्यास. दोघींनी मायेनं केलं आणि दोघींनी मिळून त्यांचा श्वास कोंडला.”

दोघी मग बराच वेळ रडल्या. खोटं कशाला सांगायचं, नणंदा-भावजया एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात हे त्या घरानं पहिल्यांदाच बघितलं. भाऊ दारापर्यंत आला आणि तसाच पाय न वाजवता मागं फिरला.

डोळे पुसल्यावर मात्र मापबाईनं पदर खोचला. “सुताराला सांग, उद्या हातोडा नको आणूस, नुसते कान घेऊन ये. हा गोठा मी बेतणार.”

सकाळी तिनं काज-बटणांचा जाड लाल दोरा काढला. त्याचं एक टोक घराच्या दाराला बांधलं आणि रीळ भावजयीच्या खिशात टाकलं. म्हणाली, “रोजची कामं कर. हिवाळ्यात करतेस अगदी तशीच. माझ्याकडं बघू नकोस.”

भावजयीला हसू आलं. पण नणंदेपुढं कोण बोलणार! ती निघाली. घरातून गोठा, गोठ्यातून गवताची गंज, परत गोठा. मग अंगणाच्या पार पलीकडं पंप, बादली घेऊन परत, पुन्हा पंप, पुन्हा परत. शेणाची पाटी चढावरून वर, कारण उकिरडा वरच्या अंगाला. दुधाचं भांडं विसरलं म्हणून पुन्हा घर. खिशातून दोरा सरसर सुटत होता. शेवटी रीळ रिकामं झालं आणि काम अजून निम्मंही झालं नव्हतं.

तिनं मागं वळून बघितलं. अंगणभर लाल जाळं पसरलं होतं. खुंट्यांना, कुंपणाला, पंपाच्या दांड्याला अडकत, एकमेकांवरून जात, पंपाच्या वाटेवर तर दोऱ्याची जाड वेणीच पडली होती.

“हे सगळं मी चालते?” तिनं विचारलं.

“रोज. तेही बर्फातून,” मापबाई म्हणाली.

भावजय त्या जाळ्याकडं बघतच राहिली. आपला सगळा हिवाळा कुणीतरी जमिनीवर उलगडून ठेवलाय, असं तिला वाटलं. तिला स्वतःची कीव आली नाही. उलट छातीत काहीतरी मोठं होऊन गेलं. एवढी मी चालले! भाऊ कुंपणाशी उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि कितीतरी वेळ हातातच धरली.

“आता हा दोरा आपल्याला आखूड करायचाय,” मापबाई म्हणाली आणि खडू काढला.

आखणीत गोठा उचलून तिनं थेट घराच्या मागच्या भिंतीला आणला, मधे फक्त सरपणाची छोटी खोली. स्वयंपाकघरातून सरपण, सरपणातून गाई, डोक्यावर आकाश नाही. चारा गाईंच्या वर, माळ्यावर. झाकण उघडलं की थेट गव्हाणीत पडेल, आणि तोच चारा वाऱ्याच्या अंगाला रजईसारखा राहील. पाण्याचा नळ जमिनीखालून खोल आत आणायचा. उकिरडा खालच्या अंगाला, म्हणजे शेण आपल्या पायानं जाईल, असं ती म्हणाली. सगळं अंगणात खऱ्या मापानं खडूनं आखलं आणि भावजयीला हातात रिकामी बादली देऊन त्यातून चालवलं. जिथं ती अडखळली तिथं पायानं रेघ पुसून नवी मारली.

गाईंचीही मापं घेतली. ठिपकीला टेप लावताना सुतार खो खो हसला. “झगा शिवताय काय हिला?”

“बसल्याचं माप वेगळं आणि उठल्याचं वेगळं, सुतारदादा. गाय उठताना कशी पुढं झेप घेते बघा. तेवढी ढील सोडली नाही, तर बिचारी रोज कपाळमोक्ष करून घेईल.”

सुताराचं हसू थांबलं आणि तो उठणाऱ्या गाईकडं पहिल्यांदाच बघितल्यासारखा बघू लागला. पण छपराशी आल्यावर त्यानं हात टेकले. आढ्यावर लांबलचक फट मोकळी सोडायची आणि वळचणीलाही! “मापबाई, थंडीत छपराला फट? लोक माझ्या नावानं बोंब मारतील.”

“मारू देत. गाईच्या अंगावर झोत येत नाही ना, एवढं बघा. गार हवेला गाय भीत नाही. आपण भितो.”

भावानं बायकोकडं बघितलं. बायकोला पटेना. सगळा जन्म फटी बुजवण्यात गेला आणि आता मुद्दाम ठेवायची? पण अंगणातला लाल दोरा अजून तिच्या डोळ्यांपुढं होता. “वन्सं म्हणतात तसंच करा,” ती म्हणाली.

गोठा उभा राहिला. मापबाई दुकानात परतली. आणि ठिपकीचे दिवस भरले त्याच सुमाराला बर्फाचं वादळ आलं. रस्ते बंद. दुपारीच दिवे लावावे लागले. बाहेर स्वतःचा हात दिसत नव्हता, आणि भावजय पायात घरच्या चपला घालून गाईंना पाणी पाजत होती.

ठिपकी व्यायली. वासरू कोरड्या गवतावर थरथरत पडलं. भावजयीनं ते पुसलं आणि सहज वर बघितलं. आढ्याच्या फटीतून बर्फाचे बारीक कण आत येत होते.

“बुजव ती,” नवरा म्हणाला. “आजचा दिवस तरी बुजव.”

ती जुनं ब्लँकेट घेऊन माळ्याची शिडी चढली. हात वर गेला. आणि तिला ती दिसली. खालून, चार गाईंच्या नाकांतून, ओल्या वासराच्या अंगावरून, पांढरी वाफ संथ वर येत होती, तिच्या गालाला ऊब लावत होती आणि फटीतून बाहेर निघून जात होती. ते बर्फाचे कण त्या वाफेतच विरत होते, खाली एकही पोचत नव्हता. तिनं वाशाला हात लावला. कोरडा. खिळ्याला लावला. कोरडा. बाहेर वादळ घोंगावत होतं आणि इथं एवढा मोठा गोठा शांतपणे श्वास घेत होता. देवाशप्पथ, असं काही तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

“काय झालं गं?” नवऱ्यानं खालून विचारलं.

“वर या,” ती म्हणाली. “येऊन बघा तुमच्या ताईनं काय केलंय.”

तो वर आला. दोघं शिडीवर एकमेकांना धरून ती वाफ बघत राहिले. ब्लँकेट तिच्या खांद्यावरच राहिलं.

तीन आठवड्यांनी रस्ते मोकळे झाले तशी मापबाई आली, हातात नेहमीचं पोतं. “परत चिंध्या?” भावजयीनं डोळे मोठे केले.

“शिवून आणल्यात आता,” ती म्हणाली. पोत्यातून वासराचा कोट निघाला. रंगीबेरंगी तुकड्यांचा, आतून लोकरीचा, पोटाखाली पट्टे. “वासरू... आहे ना?” तिनं हळूच विचारलं.

“तुम्हीच बघा.”

वासरू शेपूट उभारून गव्हाणीशी उड्या मारत होतं. मापबाईनं त्याला धरलं, पाठीवरून तळहात फिरवला. कोरडी, ऊबदार पाठ. कोट चढवला, पट्टा ओढला. पट्टा पोटापर्यंत पोचेना. पुन्हा ओढला. खांद्यावरची शिवण उसवायला आली.

“वन्सं, तुमचं माप चुकलं?” भावजय थक्क होऊन म्हणाली. असं कधी झालंच नव्हतं.

मापबाई गवतातच बसली. कोट तिच्या मांडीवर होता. “गेल्या वर्षीच्या वासराचं माप धरलं होतं गं,” ती म्हणाली. “त्याच्याहून मोठं धरायची माझी छातीच झाली नाही.”

वासरानं तेवढ्यात तिच्या मांडीवरचा कोट तोंडात धरून चघळायला सुरुवात केली. “खा बाबा, खा,” ती रडत-हसत म्हणाली, आणि गळ्यातला टेप काढून त्याचं नवं माप घेऊ लागली.