गुरुवारची सुट्टी आणि माझा हजेरीपट

बासष्टच्या लढाईनंतर मी फौजेत गेलो तो चिन्यांना पळवून लावायला. फौजेने माझं अक्षर पाहिलं आणि दहा वर्षं हजेरीपटावर बसवलं. बाहेर पडलो तेव्हा हवालदार क्लार्कचा हुद्दा होता, नोकरीत राहून मिळवलेली बी.ए. होती आणि डोक्यात चर्चचा पाळक होण्याचं वेड होतं. पुण्यातल्या सेमिनरीत पदवीधरांच्या वर्गात मी सगळ्यांत थोराड. ग्रीक क्रियापदं पाठ होईनात. पण प्राचार्य आत आले की खाडकन टाचा जुळवायचो, आणि मागच्या बाकावर सगळ्यांना एकदम खोकला यायचा.

दर रविवारी आम्हाला एकेका चर्चच्या मंडळीत कामाला धाडत. मला पिंपरीची मंडळी मिळाली. बहुतेक नगर जिल्ह्यातून आलेले कारखान्यांतले कामगार. तिथल्या पाळकसाहेबांकडे पार चाकणपर्यंतची गावं होती, त्यामुळे बरेचदा उपासना मीच चालवायचो. पाहतो तर वहीत शंभरावर नावं आणि समोर विसेक माणसं, त्यातही म्हाताऱ्याच जास्त. अंगातला हवालदार उठून बसला. मी तांबड्या-निळ्या शाईने हजेरीपट आखला, तीन महिने इमानेइतबारे भरला आणि कोणी न मागता मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचांच्या बैठकीत ठेवला.

शाबासकी मिळाली. असं काम आजवर कोणी केलं नव्हतं, असं पंचांचे सेक्रेटरी म्हणाले. मी फुगलो.

पिंपरीतल्या पानवाल्यालाही ठाऊक असलेली गोष्ट मला ठाऊक नव्हती. विजेच्या वाटणीपायी तिथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी असायची. रविवारी माणसं लेथवर उभी. पंच मात्र कचेऱ्यांतले आणि शाळांतले, रविवारी मोकळे. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही त्यांनी माझा कागद घडी घालून खिशात ठेवला.

पुढच्याच महिन्यात एका फिटरच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत पुकार वाचतात: अमक्याचं अमकीशी लग्न ठरलं आहे, हरकत असेल त्याने सांगावी. पुकार नाही तर चर्चमध्ये लग्न नाही. आणि मुलाकडच्यांनी कळवलं होतं की चर्चमध्ये नाही तर लग्नच नाही. पंचांनी ठरवलं, मुलीचा बाप तीन महिने गैरहजर, पुकार वाचायची नाही. पुरावा म्हणून माझा हजेरीपट.

फिटर पहिली शिफ्ट करून तसाच माझ्याकडे आला, हाताला ऑइल. आवाज चढवला नाही. "हवालदारसाहेब, आमी तुमचं काय केलं व्हतं?"

गुरुवारच्या सुट्टीचं मला त्याच्याकडूनच कळलं. मी तडक सेक्रेटरींचं घर गाठलं. म्हटलं, गुरुवारी उपासना ठेवा, चर्च भरून वाहील. ते म्हणाले, प्रभूचा दिवस कारखान्याच्या सोयीने बदलत नसतो. याच गृहस्थांकडे रविवारी दूधवाला, पेपरवाला, मटणवाला सगळे येत. त्यांच्या कामाने प्रभूचा दिवस बाटत नव्हता! हे मी तोंडावर बोललो, आणि माझ्यासाठी येत असलेला चहा आतल्या आत परत गेला.

पाळकसाहेबांकडे गेलो. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढचे तीन रविवार मी गावांकडे आहे. उपासना तुमची." हा हुकूम होता की नुसती माहिती, मला अजून कळलेलं नाही. मी हुकूम समजलो.

पहिल्या रविवारी कवायतीच्या आवाजात पुकार वाचली, आणि रागाच्या भरात नवऱ्यामुलाच्या जागी मुलीच्या बापाचं नाव वाचलं. म्हाताऱ्या पदर तोंडात धरून हसल्या. घाम पुसून पुन्हा वाचली. सेक्रेटरी उभे राहिले, हरकत म्हणाले.

"हरकत लग्नाला की हजेरीला?" मी विचारलं. "पुकारीत फक्त लग्नाची चालते."

ते उभेच राहिले. मग एक म्हातारी म्हणाली, "बसा की भाऊ, मागचं दिसंना." ते बसले. उरलेल्या दोन पुकारा बिनबोभाट झाल्या.

लग्न गुरुवारी लागलं. पाळकसाहेबांनीच लावलं. खिडक्यांतसुद्धा माणसं होती. सेक्रेटरी पहिल्या बाकावर बसून मुलाकडच्यांना सांगत होते, बघा आमची मंडळी केवढी. ते वाक्य आठवलं की आजही माझा रक्तदाब वाढतो. सेमिनरीत माझ्या नावावर अहवाल गेला, 'आज्ञाधारकपणा कमी'. फौजेने दहा वर्षांत जे लिहिलं नव्हतं ते चर्चने दोन शब्दांत लिहिलं, आणि माझी पिंपरी सुटली.

पण त्या दिवशी मांडवात मला वाटत होतं की मी सगळं भरून काढलं. फिटर पंगतीत रस्सा वाढत माझ्यापाशी आला, तेव्हा म्हटलं, दर गुरुवारी तुमच्या खोलीवर प्रार्थना घेतो, तुम्ही फक्त चार माणसं गोळा करा.

त्याने माझी वाटी काठोकाठ भरली. "जेवा पोटभर," तो म्हणाला. "पोरीचं झालं. आमाला आता नगं." आणि पुढच्या पानाकडे सरकला.