तेलमामांचा कौल

तेलमामा दिसण्याआधी त्यांचा वास यायचा. न्हावऱ्याला ते एसटीत चढले की मागच्या बाकावरची माणसंही मान वर करून बघत. बांधावरचा गवती चहा पिंपात उकळायचा, नळीतून वाफ थंड करायची आणि वर तरंगणारं तेल बाटलीत भरायचं, हा त्यांचा नाद. भेटेल त्याच्या मनगटाला तेलाचं बोट लावल्याशिवाय ते रामराम घ्यायचे नाहीत.

"कांद्याला लागती तीच बुरशी माणसाला लागती," हे त्यांचं ठरलेलं बोलणं. ते कितपत खरं, मला तेव्हाही कळलं नाही. पण शिरूरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकताना मी ते तेल काचेच्या बशीतल्या बुरशीत ठेवून पाहिलं, तर थेंबाभोवती बुरशी वाढलीच नाही, गोल जागा मोकळी राहिली. मामांनी त्या बशीचा फोटो गावभर दाखवला. भाचीनं तेल पास केलं म्हणे. कशात पास केलं होतं, देव जाणे.

मग मामीच आजारी पडल्या. शुगर जुनी, त्यात दम्याची औषधं. तोंडात पांढरा थर आला आणि पाणीसुद्धा गिळवेना. दौंडच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही बुरशी एरवी तोंडात गुमान असते, अंगातली ताकद सरली की डोकं वर काढते. त्यांनी गोळ्या दिल्या आणि मामांच्या हातातली बाटली बघून, हे तेल तसंच तोंडात लावू नका, भाजेल, असं बजावलं.

मामा गोळ्यांचं पाकीट धरून माझ्याकडे बघत राहिले. "बशीत मरती, मग तोंडात का न्हाई?"

बशीला जीभ नसते, पोट नसतं, असं काहीबाही मी बोलले. माणसाला हे तेल किती सोसेल, ते अजून शोधतायत, असंही सांगितलं. मामांना ते पटेना, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं उमगत नव्हतं.

शेवटी ते बिरोबाला कौल लावायला गेले. देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर तेल, डावी पडली तर गोळी. पण मामांची बोटं जन्माची तेलकट. पाकळ्या टेकताच दोन्ही सुळकन खाली. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. घरी येऊन ओट्यावर बसले आणि म्हणाले, "देवबी बोलंना."

आतून मामींचा बारीक आवाज आला. "मला इचारा की. गोळी द्या. मला भाकर खायचीया."

मामांनी मुकाट्यानं गोळी दिली. हळूहळू मामी जेवू लागल्या. मामांनी मात्र पिंप परत चुलीवर चढवलं नाही. ते खूश होते की खट्टू, मला ओळखताच आलं नाही.

पुढं काही वर्षांनी मामा गेले. दहाव्यानंतर मामींनी मला जवळ बसवून विचारलं, "तवा तेलानंबी बरी झाली असती का गं मी?" मी म्हटलं, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही, तुम्ही गोळी घेतलीत ते योग्यच केलंत. त्यांचं समाधान झालं नाही.

"ते झालं गं. पन मी त्यांचं मन मोडलं का?"

नाही मामी, मी म्हणाले. खरं काय ते मला ठाऊक नव्हतं, पण त्यांचा हात मी घट्ट धरला.