स्पीकरवरनं आत्याचं नाव

आमच्या आत्याच्या कोडोलीत दूध संस्थेनं ठरवलं, औंदा गड्यांचे सत्कार बास झाले, महिला दिनाला बायकांचे करायचे. देर आये दुरुस्त आये! वैरण आणायची बायकांनी, शेण काढायचं बायकांनी, पहाटे उठून धार काढायची बायकांनी, आणि संस्थेत सभासद कोण? तर घरातला गडी.

आत्याचा मला कोल्हापुरात फोन आला. "माझं नाव पुकारणार हायत गं, स्पीकरवरनं. तू यायचंस." तिचा आवाज एवढा हलका झालेला मी कधी ऐकला नव्हता. लग्न होऊन आली तशी ती गावाला कुणाची सून, कुणाची वैनी, कुणाची आई. मी रजा टाकली आणि गेले.

आत्या ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसलेली. नव्यानंच लागलेल्या सेक्रेटरीनं माईक घेतला आणि सभासदांच्या यादीतनं वाचलं, आत्याच्या मालकांचं नाव, आडनावासकट, आणि पुढं 'यांच्या सौभाग्यवती'. टाळ्या पडल्या. आत्या ढिम्म.

"आत्या, ऊठ की."

"माझं नाव कुठं घेतलं? त्येंचं घेतलंय, त्येस्नीच धाडा वर."

हे तिनं हळू म्हणायला पाहिजे होतं, पण आमच्याकडं हळू कुणाला येतंय? सगळा मांडव हसला. सेक्रेटरी बिचारा गोरामोरा झाला. माईकवरनंच त्यानं मागं बसलेल्या मालकांना विचारलं, "मालक, वैनींचं नाव काय वो?"

झालं! त्या माणसानं जन्मात बायकोला 'अगं ए'च्या पुढं हाक मारलेली नाही. "उखाणा, उखाणा," बायकांनी गलका केला. मालक कानापर्यंत लाल. मला वाटलं, हे आता चप्पल शोधतात आणि घरची वाट धरतात.

ते उठले. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली आणि उखाणा न घेता सरळ एक नाव घेतलं.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, ही कोण आणि? कारण ते नाव सासरचं नव्हतंच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव यांनीच लिहिलेलं, आणि आज घेतलं ते माहेरचं. त्या नावानं तिला फक्त माझे वडील हाक मारायचे. ते गेल्यापासनं मी ते नाव ऐकलं नव्हतं. मला रडूच फुटलं, लाज कसली त्यात.

सेक्रेटरीनं तेच नाव स्पीकरवरनं पुकारलं. आत्या उठली, पदर नीट केला, स्टेजवर गेली. कार्यक्रमाला बोलवलेल्या अध्यक्षबाई शाल घेऊन पुढं आल्या, तर तिनं त्यांना हातानं थांबवलं आणि सेक्रेटरीकडं वळली.

"परत एकदा घ्या की. मागं ऐकू गेलं न्हाय."