शेरवानीला माती नाही

"ही कडेगावची," असं म्हणून ते शर्टाचं वरचं बटण काढायचे आणि खांद्याजवळ वर आलेलं हाड दाखवायचे. मग चप्पल काढून उजव्या पायाचा वाकडा अंगठा पुढे करायचे. "ह्यो पाटणचा." मग तोंड उघडून समोरचे दोन दात जिथे असायला हवे होते तिथे बोट न्यायचे. "आणि हे इस्लामपूर." समोरचा माणूस पहिल्यांदा भेटलेला असो, हातात चहाचा कप असो की पंगतीत पान वाढलेलं असो, ओळख करून द्यायची त्यांची पद्धत हीच. नाव अगदी शेवटी, तेही विचारलं तर.

मी लग्नाचे फोटो काढतो. ते लग्नाला घोडी आणायचे. त्यांची अख्खी नोकरी फौजेत घोडी आणि खेचरं सांभाळण्यात गेली होती. पेन्शनीत आल्यावर घरी बसवेना, म्हणून त्यांनी एक पांढरी घोडी घेतली आणि तिचं नाव ठेवलं म्याडम. त्यांना सगळे फौजी म्हणायचे, मीही म्हणायचो. सीझनमध्ये आमची गाठ दिवसाआड पडायची, कारण आमच्याकडे परण्या असतो. परण्या म्हणजे लग्न लागायच्या आधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला नेतात ती मिरवणूक. जन्मात कधी घोड्याला हात न लावलेला माणूस, अंगात घट्ट शेरवानी, डोळ्यांवर मुंडावळ्या, खाली फटाके आणि कानाशी बँड. आता तुम्हीच सांगा, यात काय काय होऊ शकतं?

आमची पहिली भेट कॉलर धरण्यापासून झाली. मला नवरदेवाच्या पाठीवरची जरीची नक्षी टिपायची होती म्हणून मी कॅमेरा डोळ्याला लावून म्याडमच्या मागे गेलो, तर कुणीतरी मला मांजराच्या पिल्लासारखं कॉलरीला धरून उचललं.

"तुमचं लगीन झालंय का?" फौजींनी विचारलं.

मी म्हणालो, नाही अजून.

"मग मागं कशाला जाताय? फुडं संसार करायचा हाय न्हवं?"

घोडीची लाथ नेमकी कुठे बसते हे त्यांनी मग बोटाने दाखवलं. मुलीकडच्या बायका बघत होत्या. तेव्हापासून मी कुठल्याच जनावराच्या मागे जात नाही, म्हशीच्यासुद्धा.

नियम त्यांचे पाठ होते आणि ते वऱ्हाडाला रांगेत उभं करून सांगायचे. घोडीजवळ डाव्या अंगाने यायचं, आणि येताना बोलत यायचं, म्हणजे ती दचकत नाही. लगाम हाताला गुंडाळायचा नाही, घोडी उधळली तर हात तिच्याबरोबर जातो. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, नुसता चवडा घालायचा, अख्खा पाय घातला आणि पडलात तर फरफटत थेट सासरी. खायला द्यायचं ते तळहात सपाट करून, नाहीतर पेढ्याबरोबर बोट. नवरदेवाचा मोबाइल वर बसण्याआधी काढून घ्यायचे आणि स्वतःच्या खिशात ठेवायचे. तो वाजला की उचलायचे आणि सांगायचे, "नवरदेव घोडीवर हायत. खाली आल्यावर बोलत्याल." आणि ठेवून द्यायचे. एकदा पलीकडे नवरी होती म्हणे.

सगळ्यात मोठा नियम वीस पावलांचा. खोगीर घोडीच्या पोटाखालून पट्ट्याने आवळतात, त्याला तंग म्हणतात. तंग आवळायला लागलं की म्याडम पोट फुगवून धरायची. वीसेक पावलं चालवली की श्वास सोडायची, पट्टा ढिला पडायचा, मग फौजी तो पुन्हा आवळायचे आणि मगच नवरदेवाला वर घ्यायचे. आमदार आडवा आला तरी एकोणीसवर थांबायचे नाहीत. मोठ्याने मोजायचे.

एका लग्नात नवरदेवाचे काका, पोटात थोडी गेलेली, हलगीवर घोडी नाचवा म्हणून हटून बसले. फौजी म्हणाले, "म्याडम नाचत न्हाई. तुमी नाचा, ती बघंल." काका नाचले, म्याडमने बघितलं. दुसरीकडे कुणीतरी ड्रोन उडवला, तर हे त्याच्या मालकाकडे गेले आणि ती माशी खाली उतरवा म्हणाले. तो ऐकेना, तसे हे बँडवाल्याची छत्री उघडून म्याडमच्या डोक्यावर धरून मारुतीपर्यंत चालत गेले. त्या अल्बममध्ये वरून काढलेल्या प्रत्येक फोटोत फक्त एक छत्री आहे.

ही सवय त्यांच्या अंगात इतकी भिनली होती की माणसांनाही ते तसंच वागवायचे. कुणाच्याही पाठीमागून यायचे नाहीत. बँकेत रांगेत उभं राहताना पुढच्याच्या डाव्या खांद्याशी येऊन "आलो हां, मी हाय," असं हळूच सांगायचे. कॅशियर बाई सुरुवातीला घाबरायची, नंतर तीच "या फौजी" म्हणायला लागली.

मोडतोडीच्या गोष्टी सांगताना मात्र एक वाक्य ठरलेलं असायचं. कडेगावला कुणीतरी म्याडमच्या पायात फटाक्यांची माळ टाकली. पाटणला गर्दीने रेटलं आणि तिचा पाय यांच्या अंगठ्यावर आला. इस्लामपूरला हे तंग बांधायला वाकले होते आणि कुणीतरी तिला वरून पेढा दाखवला, तिने मान उचलली, यांचे दात गेले. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, "म्याडमची काय बी चूक न्हाई." आणि त्याच्यापुढे, छाती काढून, "माझं काय बी मोडू दे. आजपातूर तिच्यावरनं एक नवरदेव पडला न्हाई."

ही नुसती बढाई नव्हती. नवरदेव पडला की अपशकुन झाला म्हणतात, आणि बोट घोडीकडे दाखवतात. एकदा बोभाटा झाला की त्या घोडीला कुणी दारात उभं करत नाही. एका सीझनमध्ये घोडी बसून खायला लागते, मग घरचे विकायला लावतात, आणि म्हाताऱ्या घोडीला कोण कशाला घेतं हे फौजींना माहीत होतं. एकदाच बोलले ते याबद्दल. "ती जाईल तवा माझ्या दारातनंच जाईल. बाजारातनं न्हाई." म्हणून नवरदेव पडता कामा नये. बाकी सगळं चालेल.

आता माझं सांगतो. लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, वाळवा तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे.

माझं लग्न ठरलं तेव्हा घोडी कुणाची हा प्रश्नच नव्हता. फोटोला सांगलीचा मित्र बोलावला होता, पण प्रत्येक फोटो मनात मीच काढून ठेवला होता. आमच्या मारुतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना ऊस, उसाला तुरे आलेले, आणि सूर्य टेकायच्या आधी दहा मिनिटं ते तुरे असे पेटतात की काय सांगू! त्या उजेडात पांढरी घोडी आणि वर मी. पंधरा वर्षं दुसऱ्यांचे तसे फोटो काढले, एक आपला नको? पण बायकांची हळद उरकेना, फेटा बांधणारा उशिरा आला, आणि मी बाहेर आलो तेव्हा सूर्य उसाला लागला होता. फौजी म्याडमला चालवत होते. "सहा, सात, आठ."

मी म्हणालो, बास आता फौजी, उजेड चाललाय.

"वीस, फोटोवाले."

"आज माझं लगीन हाय," मी म्हणालो. हे मी चिडून म्हणालो. आज आठवलं तरी मला माझीच एक थोबाडीत द्यावीशी वाटते. ते माझ्याकडे बघत राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा आठवर थांबले. मला वर घेतलं.

परण्या हलला. तुरे पेटले. मित्र लांबून फोटो काढायला लागला, आणि मला दिसलं की तो कॅमेरा उभा धरतोय. मी रिकिबीत उठलो, एका बाजूला झुकलो आणि दोन्ही हातांनी त्याला खुणा करायला लागलो, आडवा धर, आडवा! नेमका तेव्हा म्याडमने श्वास सोडला. खोगीर एका बाजूला फिरलं आणि माझ्यासकट घोडीच्या पोटाकडे निघालं. मला आभाळ दिसलं, मग ऊस दिसला, मग मी कशावर तरी आपटलो आणि ते "हं" म्हणालं.

मी फौजींवर बसलो होतो. त्यांनी लगाम सोडून माझ्याखाली अंग टाकलं होतं. म्याडम पोटाला लोंबणारं खोगीर घेऊन जागची हलली नाही. दुसरी घोडी असती तर आम्हा दोघांना तुडवून कृष्णेपलीकडे गेली असती.

बँड बंद पडला. माझी एक आत्या तोंडाला पदर लावून म्हणाली, "पडला गं बाई." तेवढ्यानं लोक कुजबुजायला लागले. त्या कुजबुजीत काय होतं ते मला कळत होतं. घोडी कामातून गेली होती, माझ्या एका फोटोपायी.

"उठू नगासा," खालून आवाज आला. "हाय तसं बसा. मामा कुठं हायत नवरदेवाचं?"

मामा पुढे आले.

"डाव्या अंगानं या. वाका. बघा, नवरदेव जिमिनीला कुठं टेकलाय का?"

मामा तसे गंभीर माणूस. गुडघ्यावर बसले, चष्मा लावला आणि माझी शेरवानी सगळीकडून तपासली. मागची बाजू बघायला मला थोडं तिरकं केलं. मुलीकडचे दोन जण आले, त्यांनी बुटांचे तळवे बघितले, तेही जमिनीला टेकले नव्हते. अख्खं वऱ्हाड वाकून माझ्या बुडाकडे बघत होतं आणि खाली फौजी पालथे पडून वाट बघत होते.

"शेरवानीला माती न्हाई," मामांनी जाहीर केलं.

"मग नवरदेव पडला काय?"

"न्हाई."

"मोठ्यानं बोला, मागं ऐकू जात न्हाई."

"नवरदेव पडला न्हाई!" मामा ओरडले. बँडमास्तरला काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने वाजवायला सुरुवात केली आणि लोकांनी फेटे उडवले.

फौजी उठले तेव्हा त्यांचा डावा हात मनगटापासून भलतीकडे वळला होता. त्यांनी तो शर्टाच्या आत घातला, उजव्या हाताने आणि उरलेल्या दातांनी खोगीर सरळ केलं आणि म्याडमला चालवायला लागले. आम्ही सगळ्यांनी मिळून मोजलं, आत्यानेसुद्धा. वीस झाले, तंग पुन्हा आवळला, मला वर घेतलं. तोपर्यंत सूर्य गेला होता. माझ्या परण्याचे सगळे फोटो फ्लॅशमधले आहेत. त्या सोनेरी उजेडातला एकच आहे, आडवा आणि अगदी सुरेख. त्यात घोडी, तिच्या पलीकडे हवेत माझे दोन पाय.

मारुतीला नारळ फुटल्यावर वडिलांनी त्यांना जीपमध्ये घातलं आणि सांगलीला नेलं. आजवरचं सगळं त्यांनी गावातच बांबूच्या पट्ट्या बांधून सांधलं होतं, पण मनगटाचा पार चुरा झाला होता. डॉक्टरांनी आत स्टीलची पट्टी बसवली. मी तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो आणि पायांना हात लावला. रडलोच, खोटं कशाला सांगू. चूक माझी होती म्हणालो.

"तुमची कशी? नवरदेवाला त्या दिवशी अक्कल नसती, हे धरूनच चालायचं असतं. मी वीसच्या जागी आठ केली, चूक माझी. म्याडमची न्हाई, ध्येनात ठेवा."

त्यानंतर ओळख करून देताना कडेगाव, पाटण, इस्लामपूर झालं की ते डावा हात पुढे करायचे, चमच्याने मनगटावर टकटक करायचे आणि म्हणायचे, "आणि ही फोटोवाल्यांच्या गावची. आत पोलाद हाय." माझी बायको दर दिवाळीला त्यांना डबा पाठवायची. तिच्या मते आमच्या लग्नातला सगळ्यात शहाणा माणूस खाली पडलेला होता.

म्याडम पुढे बरीच वर्षं नवरदेव मिरवत राहिली. एकही पडला नाही. मग उसाचं वाडं खात फौजींच्या दारात म्हातारी झाली आणि त्यांच्या दारातूनच गेली. त्यांनी तिला स्वतःच्या रानात पुरलं.

यंदा फौजी गेले. साध्या तापाने. मयतीला येणारा प्रत्येक जण त्यांच्या मुलाला विचारत होता, घोड्यानं मारलं काय? तो बिचारा सांगून दमला. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रक्षाविसर्जनाला गेलो. कडेगावचे दोघे आले होते, पाटणचा एक टोपीवाला म्हातारा आला होता. मुलगा राख सावडत होता, हाडं हळूच वेचून मडक्यात ठेवत होता. त्याचा हात थांबला. बोटभर लांबीची, भोकं असलेली एक काळी पडलेली पट्टी त्याने राखेतून उचलली आणि सगळ्यांकडे बघितलं. "ह्ये कसलं?"

मी डाव्या बाजूने त्याच्याजवळ गेलो. "मी हाय," म्हणालो, आणि हात पुढे केला.

"ही आमच्या गावची."