मिशीच्या मुंग्या आणि पुसदची सोयरीक

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी दिग्रसच्या एका शाळेत मास्तर होतो आणि तिथंच मी एक विनोदी कादंबरी लिहिली. चार पोरांची. वय पंधरा-सोळा, गणितात गटांगळ्या, आणि मिशा कधी फुटतील ही एकच चिंता. त्यातला एक पोरगा दोस्तांच्या सल्ल्यानं एरंडेलात गूळ कालवून ओठावर चोळतो आणि सकाळी मुंग्यांसकट उठतो. शेवटी चौघेही पास होतात. नागपूरच्या एका प्रकाशकानं ती छापली. कोणी वाचेल असं मला वाटलं नव्हतं.

पहिले वाचक आमचे हेडमास्तर. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "यात बोध कोणता?"

मी जरा विचार केला आणि म्हणालो, "ओठाला गूळ लावू नये."

त्यांनी गंभीरपणे मान हलवली आणि शाळेसाठी दोन प्रती घेतल्या.

बसस्टँडजवळच्या सायकल दुकानाचे मिस्त्री माझे दोस्त. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते पुस्तक मोठ्यानं वाचायचे. संपल्यावर मात्र रागावले. "चार पोट्टे घेतले मास्तर, अन् त्यात आमच्या मोहल्ल्यातला एकबी नाही? आमचे काय पैदाइशी शहाणे हायेत? माह्या लहान भावाले येऊन पहा एकदा!" मी माफी मागितली, तेव्हा चहा आला.

इथवर सगळं ठीक होतं. मग एका सकाळी शेजारच्या काकू पुस्तकाची गुंडाळी करून दारात उभ्या राहिल्या. घरचं कापसाचं वावर, एकुलता एक मुलगा. माझाच जुना विद्यार्थी. आता शेती बघायचा आणि दिवसाकाठी दहा शब्दसुद्धा बोलायचा नाही.

"गुरुजी, तुम्ही माह्या पोराची सोयरीक मोडून राह्यले!"

"मी? ते कसं?"

"पुसदच्या पोरीवाल्यायनं हे पुस्तक वाचलं. त्यायले कोणीतरी सांगतलं, का मुंग्यावाला पोट्टा म्हणजे तुमचा होणारा जावई. आता तुम्हीच चला अन् सांगा, का हे सारं खोटं हाये."

मुंग्यांचा किस्सा मी शाळेच्या व्हरांड्यात पोरांकडून ऐकला होता. कोणाचा, ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे मी बिनधास्त निघालो. एस.टी.त काकू खिडकीशी, मुलगा मध्ये, मी कडेला. पुसदपर्यंत मुलगा फक्त एकदा बोलला. "पाय सरकवा जी."

मुलीचे वडील बैठकीत बसले होते आणि माझं पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. चहा झाला. मी घसा साफ करून सुरुवात केली. कादंबरी म्हणजे सगळी कल्पना असते, हा मुलगा अत्यंत सरळ, वर्गात कधी हसलासुद्धा नाही, याच्या हातून कधी काही वेडंवाकडं घडलंच नाही. मी जसजशी तारीफ करत गेलो, तसतसा वडिलांचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे मुंग्यावाला हा नाही?"

"नाही जी. अजिबात नाही."

आतल्या खोलीत कुजबुज झाली. वडील आत जाऊन आले. "मंग अवघड हाये, मास्तर. पोरगी नाही म्हणते."

"काहून?" काकूंनी एकदम विचारलं.

"आतापर्यंत आलेले सारे पोट्टे खांबावाणी बसून गेले. हे पुस्तक वाचून मात्र पोरगी पोट धरधरून हसली. म्हणे, करीन तर या मुंग्यावाल्याशीच."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला परतीची एस.टी. आठवली. तेवढ्यात खाली मान घालून बसलेला मुलगा बोलला.

"मुंग्या मलेच लागल्या होत्या."

वडिलांनी पुस्तक मांडीवरून खाली ठेवलं.

"पण गुरुजीनं चुकीचं लिहिलं. गूळ नव्हता, काकवी होती. अन् ओठ असा सुजला होता, का मले पाणीबी पिता येत नव्हतं."

"मेल्या!" काकू ओरडल्या. "तू तर म्हणला होता मधमाशी चावली! मी आठ दिवस हळद लावत बसली!"

आतून जे हसू फुटलं, ते दाबायचा कोणी प्रयत्नही केला नाही. वडीलही हसले, काकूही. मुलगा कानापर्यंत लाल झाला, पण पहिल्यांदाच मान वर करून आतल्या दाराकडे बघत होता. संध्याकाळी साखरपुड्याची बोलणी करूनच आम्ही उठलो.

लग्नानंतर महिन्याभरात नवी सून आमच्याकडे हळदीकुंकवाला आली. माझी बायको आत वाण आणायला गेली, तशी ती माझ्याकडे वळली.

"गुरुजी, एक इचारू? राग नका मानू. शेवट नाही पटला मले."

"का गं?"

"चौघायले पास कायले केलं जी? चांगले हासवत होते बिचारे."

दुसरी आवृत्ती निघाली असती, तर मी त्या चौघांना आनंदानं नापास केलं असतं.