नावाडणीचं कार्ड

तिचं काम कवळ्या बनवायचं. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, मेणावर एकेक दात बसवायचा, घासूनपुसून तयार करायचं. घरचे-दारचे सगळे तिला ताईच म्हणत. वीस वर्षं त्या बाकावर मान खाली घालून बसल्यामुळे ती बोलायचीही जेवढ्यास तेवढं.

रविवारी दुपारी मात्र ती नावाडीण असे.

तिचा मावसभाऊ, दादा, आपल्या जेवणाच्या टेबलावर हा खेळ मांडायचा. तो गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी एकेक पात्र होऊन त्या गोष्टीत वागायचं, बोलायचं, आणि पुढे काय होईल ते अडलं की फासे टाकायचे. ज्यांना डोक्याला ताप नको त्यांच्यासाठी दादाकडे तयार पात्रांची कार्डं असत. ताईची धाकटी बहीण छोटी पहिल्याच दिवशी वरचं कार्ड उचलून तिरंदाज झाली, ती सहा वर्षं तिरंदाजच राहिली. "आयतं मिळतंय तर लिहीत कोण बसेल?" ती म्हणायची.

ताईने कोरा कागद मागून घेतला. तीन रविवार नुसती ऐकत बसली आणि चौथ्या रविवारी नावाडीण घेऊन आली. दुखरा खांदा, तिखट जीभ, आणि एक खोड: पलीकडच्या काठावरच्या एका घाटाला ही बाई होडी लावत नसे. का, ते कागदावर एवढंच होतं: 'तिथे एकीला सोडून आली होती.' टेबलावर कुणी खोदून विचारलं तर ताई म्हणायची, "नाही लावत म्हणजे नाही लावत."

पण गोष्ट चालवणाऱ्याला पात्राचं गुपित ठाऊक असावं लागतं. दादाने विचारलं आणि त्याच्या स्वयंपाकघरात कप विसळता विसळता ताईच्या तोंडून सगळं निघून गेलं. सात वर्षांपूर्वीचं. आईचं अर्धं अंग गेलं होतं. दोन वर्षं तिचं सगळं ताईच करत होती. एका दुपारी ताईचा जीव गुदमरला. बाहेरून कडी घालून ती नदीवर जाऊन बसली, तीन तास. परतली तर आई सरपटत दारापर्यंत येऊन पडलेली. बारा दिवसांनी आई गेली. सगळ्यांना, छोटीलासुद्धा, ताईने सांगितलं होतं की मी आंघोळीला गेले होते.

दादाने तिच्या हातातला कप काढून घेतला. म्हणाला, "माझ्यापाशीच राहील हे."

सहा वर्षं राहिलंही. मग एका रविवारी दादाने टेबलावर एक चकचकीत खोका ठेवला. त्याचा खेळ छापून आला होता! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताईनेही. त्या दिवशी एक नवा खेळाडू आला होता, दादाच्या शेजारचा मीटर रीडर. दादा त्याला म्हणाला, "आत बारा तयार पात्रं आहेत. उचला कुठलंही."

मीटर रीडरने एक कार्ड काढलं आणि मोठ्याने वाचायला लागला. "नावाडीण. खांदा अधू, जीभ तिखट. अरे वा! गुपित: आजारी आईला बाहेरून कडी लावून ही दुपारभर नदीकाठी बसली. परतली तेव्हा आई दाराशी पडलेली. लोकांना हिने खोटंच सांगितलं." तो हसला. "भलतीच बाई आहे की ही!"

दुसरं कुणी हसलं नाही. छोटी ताईकडे बघत होती.

"तू तर आंघोळीला गेली होतीस ना?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. खेळ आहे गं, म्हणाली असती तर निभलंही असतं. पण छोटीने इतक्या हळू विचारलं होतं की खोटं बोलायला ताईची जीभच रेटेना.

"नव्हते गेले," ती म्हणाली.

छोटीने आपलं तिरंदाजाचं कार्ड उपडं ठेवलं. "तेरा वर्षं, ताई. आणि मला कळतं ते असं? या माणसाच्या तोंडून?" पर्स उचलून ती जिना उतरून गेली.

ताई दादाकडे वळली. "मी कागदावर आई लिहिलं नव्हतं."

"अगं, तुझं नाव कुठे आहे त्यात? कोण ओळखणार?"

"मी आई लिहिलं नव्हतं, दादा."

"तेच तर!" दादा काकुळतीला आला. "तू लिहिलेलं फिकं होतं गं. खरं घातलं आणि पात्र उभं राहिलं. छापणाऱ्यांना बारांतलं सगळ्यांत आवडलेलं पात्र आहे ते. तुला आनंद होईल वाटलं होतं मला."

आणि त्याला खरंच तसं वाटलं होतं. त्याच्या तोंडावर ते स्वच्छ दिसत होतं. लाजला असता, ओशाळला असता, तर ताईला काहीतरी बोलता तरी आलं असतं. तिने चप्पल घातली. मीटर रीडर बिचारा कार्ड हातात धरून उभा होता, ते कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

छोटीने दोन महिने फोन उचलला नाही. मग एके सकाळी ती कवळ्यांच्या खोलीत येऊन उभी राहिली.

"मला बोलावलं असतंस तर मी आले असते. एक दुपार. एवढंच."

"तू येशील असं वाटलं नाही मला."

"विचारलंसच कुठे?"

छोटी थोडा वेळ स्टुलावर बसली आणि निघून गेली. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा आली.

दादाचा निरोप आला की पुढच्या छपाईत ते कार्ड बदलतो. ताईने उत्तर दिलं नाही. मावशीच्या आजारपणात दोघांची गाठ पडली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले तेवढं तिने विचारलं, आणि नजर औषधांच्या बाटल्यांवर ठेवली.

वर्षभराने वाचनालयाच्या मागच्या खोलीत काही अनोळखी माणसं असाच खेळ खेळतात असं तिला कळलं. ती गेली. खेळ चालवणारी शिक्षिका होती, उत्साही. "स्वतःचं पात्र बनवा ना!" म्हणत तिने कोरा कागद पुढे केला.

"नको," ताई म्हणाली. "तयार द्या एखादं."

शिक्षिकेने दिलेल्या कार्डावर एक कुलूपवाला होता. चार ओळी, त्यातली एक त्याच्या मिशांबद्दल.

"याचं गुपित मनाने काहीतरी ठरवा आणि मला कानात सांगा," शिक्षिका म्हणाली.

"याला गुपित नाही," असं म्हणून ताईने फासे उचलले.