रिकामी तीनचाकी

गोंडपिपरीच्या स्टँडवर चंद्रपूरची एसटी लागली तेव्हा आईनं माझ्या पिशवीत लाखोळीच्या डाळीचं पुडकं कोंबलं, त्यावर सांडग्यांचा डबा बसवला आणि पदरानं तोंड पुसत एवढंच म्हणाली, "तिकडं घाई नोको करजो." माझा नवरा प्रकाश टपावर बॅगा चढवत होता. त्याला वाटलं, ती प्रवासाबद्दल बोलते आहे. "घाई कायची? विमान परवाचं आहे," तो वरून ओरडला. आई कोणत्या घाईबद्दल बोलत होती ते मला बरोबर कळलं होतं. गाडी हलली, आई हात हलवत राहिली, आणि मी खिडकीतून मुद्दामच हात केला नाही.

ती घाई म्हणजे पाळणा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. आमच्याकडे सागवानाला तोटा नाही, आणि गावातल्या सुताराच्या हातात कसब होतं. मी हौसेनं पाळणा करवून घेतला, सपरीत, म्हणजे ओसरीत, टांगला, आणि कड्या वाजतात का ते पाहायला दोन झोके दिले. कुंपणापलीकडून शेजारच्या शेवंताबाईनं पाहिलं. "अवं पोरी, रिकामा पाळणा हालवू नोको, लेकराले लागते!" आईही दारातून तेच म्हणाली. मी हसले आणि आणखी एक झोका दिला. वयच तसं होतं.

पुढच्या महिन्यात माझे पाय सुजले. पोटुशीचे पाय सुजतातच, असं सगळ्या बाया म्हणाल्या. मग डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि चंद्रपूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत पोटातलं हलायचं थांबलं होतं. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, बीपी वाढलं होतं, त्यानं बाळ गेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गावात परतल्यावर पाळण्याला धरून बसले. बीपी काही डोळ्यांना दिसत नाही, पाळणा दिसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

गावानं बोलावं, त्याचं मला एवढं लागलं नसतं. पण माझ्या खाटेशी बसून आई म्हणाली, "मी म्हटलं होतं न तुले." बस, एवढंच. दूध आटावं म्हणून छाती बांधून ठेवली होती, ती दगडासारखी झाली होती, आणि जन्मदात्या बाईनं मला ते ऐकवलं. बाबा निवृत्त मास्तर. ते कधी आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी दारातून म्हणाले, "माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, देवं सोडले. तू भेव काऊन नाई सोडत?" आईनं पाळणाच कुणालातरी देऊन टाकायला लावला.

त्यानंतर मी नर्सिंगला गेले. लोकांना वाटलं, दुःख विसरायला गेली. मला काही विसरायचं नव्हतं. ते बीपी म्हणजे काय, ते मला माझ्या हातानं मोजायचं होतं. पुढं चंद्रपूरला नोकरी केली, आणि इंग्लंडला नर्सेस हव्या आहेत म्हटल्यावर अर्ज टाकला. लग्न झालेली बाई नवऱ्याला घेऊन परदेशी जाते, नवरा बायकोच्या मागं मागं जातो, यावरही भरपूर बोलून झालं. प्रकाश चांगला इलेक्ट्रिशियन होता, आणि तिकडे त्याला आधी बेकरीत पाव भरायचं काम मिळालं. तो कुरकुरला नाही. पीठ झटकत घरी यायचा आणि म्हणायचा, "गोरा व्हायले आलो होतो, झालो."

आम्ही राहत होतो ते गाव उत्तर इंग्लंडातलं, चढउताराचं. एकाला एक चिकटलेली दगडी घरं, दगडी फरसबंदीचे रस्ते, आणि पाऊस म्हणावा तर नाही आणि नाही म्हणावा तर अंग ओलं, अशी हवा. तिथं मला पुन्हा दिवस गेले. इस्पितळात माझं बीपी मोजत, लघवी तपासत, आणि घरी आल्यावर मी स्वतः पुन्हा मोजत असे. सातवा लागला तसं मी प्रकाशला म्हटलं, चल, बाळाची गाडी घ्यायची. तो माझ्याकडे बघत राहिला. "आत्ता?" मी म्हटलं, आत्ताच.

दुकानात आधी छत्रीसारख्या मिटणाऱ्या चारचाकी दाखवल्या. हलक्या होत्या, पण चाकं सुपारीएवढी. आमच्या गल्लीतल्या दगडांत अडकून बसली असती. मग कोपऱ्यात ती दिसली. तीन चाकं, मोठाली, सायकलसारखी हवा भरायची. पुढचं चाक गर्दीत वळतं सोडता येई आणि खडबडीत वाटेवर सरळ अडकवून टाकता येई. उतारावर हातातून निसटू नये म्हणून मनगटात घालायचा पट्टा होता. प्रकाश तिथंच उकिडवा बसला, चाक उचलून बोटानं फिरवलं, डुगडुगतं का पाहिलं, टायर अंगठ्यानं दाबले. गोंडपिपरीच्या बाजारात सायकल घेतात तशी त्यानं ती गाडी घेतली. मी मूठ माझ्या उंचीला खाली करून पाहिली, त्यानं त्याच्या उंचीला वर केली. जड होती, हे खरं. पण हलकी वस्तू आणि टिकाऊ वस्तू एकत्र कुठं मिळते? प्रकाशनं तिचं नाव तिथंच ठेवलं: ऑटो. "आता मीटर बसवलं का चंद्रपूरचे सारे शिटा आपल्याच."

आणि मग गंमत झाली. दुकानातली बाई, पिकल्या केसांची, माझ्या पोटाकडे बघून आवाज उतरवून म्हणाली, हवी तर गाडी इथंच ठेवते, बाळ झाल्यावर न्या, बऱ्याच जणी तसंच करतात. बाळाआधी गाडी घरात आणलेली बरी नसते म्हणे! मी ऐकतच राहिले. सात समुद्र ओलांडून आले, आणि इथं काउंटरवर शेवंताबाई उभी! मी म्हटलं, आजच नेणार. पेटीत नको, तशीच नेणार. आणि तो सगळा चढ मी रिकामी गाडी ढकलत घरी आले. वाटेत कोणी पोटाकडे पाहिलं, कोणी गाडीकडे. बघा म्हटलं, खुशाल बघा.

पुढचे सगळे दिवस मी ती रिकामीच ढकलत बाजाराला जात असे आणि येताना तांदूळ, बटाटे भरून आणत असे. एकदा फोनकार्ड खरवडून आईला फोन लावला आणि सांगूनही टाकलं. पलीकडे नुसती खरखर. मग आवाज आला, "माह्या अंगावर काटा आला वं. तुले काही भेव नाई?" मी म्हटलं, भीती आहे, बीपीची आहे, ते मी रोज बघते. तिनं फोन ठेवून दिला. त्यानंतर बाळ होईपर्यंत फोनवर बाबाच बोलत.

लेक झाली, तिचं नाव मैत्री. धडधाकट, काळीभोर, आणि आल्याबरोबर कडाडून रडली. मीही रडले. पण माझ्या रडण्यात निम्मा राग होता, हे मी कुणापासून लपवत नाही.

तुम्ही जे तिकडेच राहिलात, तुम्हाला लेकराची गाडी म्हणजे चोचले वाटतील. इथं ना आत्या ना मावशी, ना शेजारची पोर कडेवर न्यायला. ती गाडीच आमची भाऊबंद होती. आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना वेगळं सांगायला नको. थंडीत बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकत, ते चाकांच्या दांड्यांना खाई, म्हणून घरी आलं की ओल्या फडक्यानं पुसायचं, मग कोरड्यानं. छत मिटून ठेवलं की बुरशी धरी, म्हणून ते उघडं वाळवायचं. मिटायची बिजागरी कुरकुरायला लागली तेव्हा मी आपलं घरातलं खोबरेल घातलं. आमच्या चंद्रपूरच्या उन्हात माणूस वितळतो, तिथं खोबरेलाचं काय! इथं बाहेर पडले आणि बसच्या दारात गाडी मिटेचना. तेल गोठून पांढरं मेण झालं होतं. मागं रांग, पुढं ड्रायव्हर खोळंबलेला, कडेवर मैत्री, आणि मी फुंकर घालघालून बिजागरी गरम करते आहे! ड्रायव्हर काहीतरी पुटपुटला. मी त्याला आमच्याकडच्या शुद्ध झाडीबोलीत उत्तर दिलं. त्याला कळलं नाही, पण मला बरं वाटलं.

मैत्री चालायला शिकली त्या हिवाळ्यात आम्ही गावी आलो. गाडीसकट. प्रकाशसुद्धा म्हणत होता की हे ओझं कशाला. मी ऐकलं नाही. एसटीच्या टपावर दोरीनं बांधून ती गोंडपिपरीला उतरवली तेव्हा स्टँडवर हीऽ गर्दी. "हे काय होय? लेकराची हातगाडी?" शेवंताबाई आता वाकली होती, जीभ मात्र ताठ होती. "लेकरू कडेवर घ्यावं न. असं भाजीवानी काऊन फिरवून राह्यली?" मी मैत्रीला बसवलं, पट्टे लावले, आणि स्टँडपासून घरापर्यंत भर रस्त्यातून ढकलत नेलं. लाल धुळीत ती काय सुरेख चालली! जणू इथल्याच रस्त्यांसाठी केली होती.

आईनं नातीला छातीशी घट्ट धरलं, खाली ठेवायलाच तयार नाही. पण गाडीला तिनं बोट लावलं नाही. अंगण झाडायची ती गाडीला वळसा घालून. आमच्या दोघींच्या मध्ये ती तीनचाकी तशीच उभी राहिली. परत जायचे दिवस जवळ यायला लागले आणि मला वाटायला लागलं, "मी म्हटलं होतं न तुले" हे वाक्य घेऊनच पुन्हा जावं लागणार.

एका सायंकाळी मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. प्रकाशनं बादलीत ट्यूब बुडवून भोक शोधलं, पंक्चर काढलं आणि तो बाजारात गेला. मैत्री आत झोपली होती. चाक नीट बसलं का पाहायला मी गाडी अंगणात पुढंमागं करून पाहिली आणि ब्रेक लावून ठेवली. कुंपणापलीकडून शेवंताबाईचा आवाज आलाच. "अवं, रिकामी नोको ढकलू. एकदा झालं तेवढं पुरं नाई का तुले?"

मी तोंड उघडणार होते. पण आई सपरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, ती उठली. ओच्यातल्या शेंगा खाली सांडल्या, त्या तिनं तशाच सोडल्या. तिनं येऊन गाडीची मूठ धरली.

"तवा हिचं बीपी वाढलं होतं, शेवंता," ती म्हणाली. गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. "बीपी. डॉक्टरनं सांगतलं होतं. मीच आयकलं नाई. पाळण्यानं काई नाई केलं, अन् माह्या पोरीनंही काई नाई केलं."

आणि ती गाडी ढकलायला लागली. गाडी हलेना. ब्रेक लावलेला होता, तिला कुठं माहीत! मी पायानं ब्रेक सोडला. तशी ती निघाली, ताठ मानेनं, अंगणातून गल्लीत, बुद्धविहारावरून थेट स्टँडपर्यंत, गाडी रिकामी. मी मागं मागं. कोणी विचारलं, "काय बाई, लेकरू कुठी आहे?" की ती म्हणे, "घरी झोपून राह्यली माही नात. मी गाडी पाहून राह्यली, कशी चालते तं." परत आलो तेव्हा बाबा सपरीत चष्मा काढून डोळे पुसत होते. "छप्पन साली निघालं होतं," ते म्हणाले, "आता पोचलं आपल्या घरी." आई त्यांच्यावर खेकसली, "शेंगा वेचा त्या, कोंबड्या खाऊन राह्यल्या."

रात्री जेवताना ती माझ्या ताटात वाढत होती, तेव्हा तिचा हात माझ्या डोक्यावर क्षणभर थांबला. माफी वगैरे काही मागितली नाही. मला नकोच होती.

गाडी मी तिकडेच ठेवून आले. यावेळी स्टँडवरून एसटी हलली तेव्हा आई दिसेनाशी होईपर्यंत मी हात हलवत होते. मैत्री आता शाळेत जाते. आम्हाला इथं घर आहे, प्रकाशला त्याचं विजेचं काम मिळालं आहे, आणि मला आता कोणी विचारत नाही की तू परत कधी जाणार. तुमचं घर कुठलं, असं मात्र विचारतात. मी इथल्या गावाचं नाव सांगते, पण मनात दुसरंच असतं. माझं घर तिथं आहे, जिथं आठवडी बाजाराच्या दिवशी एक म्हातारी अंगठ्यानं तीन टायर दाबून बघते, पायानं ब्रेक सोडते, आणि शेवंताबाईच्या दारावरून रिकामी गाडी ढकलत निघते.